गप्प बेट

माझा भाऊ लेखक आहे. हे वाक्य मी गेली चार वर्षं इतक्या लोकांना इतक्या कौतुकाने ऐकवलंय की आता ते आपोआप तोंडातून बाहेर पडतं. घरात आम्ही त्याला राजे म्हणायचो. लहानपणी आजारी पडला तेव्हा सगळं अंथरुणात हातात मिळायची सवय लागली, ती पुढे सुटलीच नाही. आता तो त्रेपन्न वर्षांचा आहे, पोट सुटलंय, तरी त्याचा फोन आला की माझ्या तोंडून "बोला राजे" असंच निघतं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या करतो. पस्तीस वर्षं मी गुलाबी मेणात एकेक दात बसवत आलेय. या गावात जे कुणी तोंड भरून हसतं त्यातले कितीतरी दात माझ्या हातचे आहेत, पण कवळीवर कुणी सही करत नाही आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. तेव्हा भावाच्या पुस्तकातल्या नकाशाखाली आपलं नाव आलं नाही म्हणून ही बाई चिडली, असं कुणी समजू नये. नाव आलं होतं. चांगलं ठळक अक्षरात आलं होतं.

राजेंचं पुस्तक एका खोट्या देशाबद्दल आहे. त्यात तापाचे डोंगर आहेत, सात दारांचं बंदर आहे, झोपाळू लोकांचं एक खोरं आहे आणि अशी एक राणी आहे जिला दर चार तासांनी प्रजेसमोर यावंच लागतं. पुस्तक आलं तेव्हा मी ते डब्याच्या सुट्टीत लॅबमध्ये वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. पुढची वीस पानं मी उभ्यानेच वाचली. तो देश माझा होता.

मी अकरा वर्षांची होते आणि राजे सहा वर्षांचा, तेव्हा त्याला टायफॉइड झाला. बाबा नोकरीसाठी परगावी, आई कारखान्यात. तिची रजा संपली आणि कुणीतरी घरी बसायला हवं होतं, ती मी बसले. डॉक्टरांनी चौकटीचा कागद दिला होता. दर चार तासांनी ताप बघायचा, कागदावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. राजे ती वर चढणारी रेघ बघून रडायला लागला. त्याला वाटलं ती रेघ कागदाच्या वर गेली की आपण मरणार. म्हणून मी म्हटलं, अरे वेड्या, हे डोंगर आहेत, आपण चढतोय. झालं. मग डोंगरापलीकडे खोरं आलं, खोऱ्यात माणसं आली, बंदर आलं. रोज नवं काहीतरी लागायचं, कारण कालचं त्याला पाठ असायचं.

थर्मामीटर तोंडात असताना तर हा हटकून बोलायचा. तीन मिनिटं गप्प राहणं त्याच्या जिवावर यायचं. त्यासाठी मी गप्प बेट काढलं. थर्मामीटर जिभेखाली गेला की आपली होडी बेटाला लागायची, आणि तिथे कुणी एक शब्द बोललं तर अख्खं बेट बुडायचं. मग राजे डोळे मोठे करून, दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून बसायचा. सहा आठवडे मी हे केलं. माझं शाळेचं वर्ष बुडालं. पुढच्या वर्षी मी माझ्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात, मागच्या बाकावर बसले.

आईबाबा आता नाहीत. म्हणजे या सगळ्याला साक्षीदार दोनच, एक मी आणि दुसरा राजे.

आता कुणी विचारेल, मग बाई, तू त्याला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतं तर त्याने कदाचित मानही डोलावली असती. पण मला ते मागून घ्यायचं नव्हतं. मागितल्यावर मिळालेली आठवण कसली आठवण? पेपरात त्याच्या मुलाखती यायच्या, त्यात तो सांगायचा की हा देश लहानपणापासून माझ्या डोक्यात आहे. खरंच होतं ते. पण डोक्यात आपोआप काही येत नाही, कुणीतरी घालतं. मी चार वर्षं वाट बघितली, की कधीतरी फोन येईल आणि राजे म्हणेल, ताई, हे तर तू सांगायचीस. एवढंच. पुस्तकावर नाव नको, दुसरं काही नको. त्याला आपणहून आठवायला हवं होतं.

मग दुसरी आवृत्ती निघायची ठरली. वाचक नकाशा मागत होते. प्रकाशकाने एका चित्रकाराकडून काढून घेतलेला नकाशा राजेंना पसंत पडला नाही. कुणालाच जमत नाही, सगळे डोंगर सारखेच काढतात, अशी फोनवर कुरकुर चालली होती. मी म्हटलं, मी काढते. तो हसला, वाईट हसला असं नाही. म्हणाला की आता कागदावरचं चालत नाही, सगळं कॉम्प्युटरवर करून द्यावं लागतं. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरवर करते. मनात माझा हिशोब सरळ होता. कानांनी ऐकलेलं तो विसरला असेल, पण डोळ्यांसमोर आलं तर आठवल्याशिवाय राहणार नाही.

आमच्या लॅबमध्ये एक संगणकवाली आहे. पस्तिशीची, दोन मुलांची आई, तोंडाने फटकळ. ती पडद्यावर दात कोरते आणि मशीन ते कापून देतं. ती आल्यापासून माझ्याकडे येणारं काम निम्म्यावर आलं होतं, आणि मी तिचं यंत्र शिकणार नाही म्हणून मालकांशी दोनदा भांडले होते. आता तिच्याचपुढे जाऊन उभं राहायची वेळ आली. तिने कारण विचारलं. मी सांगितलं की भावासाठी एक खोटा नकाशा काढायचाय. "खऱ्या दातांसाठी शिकला नाहीत ते," एवढं बोलून तिने खुर्ची सरकवली.

पहिला आठवडा नुसता अपमानात गेला. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवायचं आणि बघायचं मात्र समोरच्या पडद्यावर. हात इथे, रेघ तिथे. मी सारखी खाली हाताकडे बघायची आणि वर रेघ भलतीकडे निघून गेलेली असायची. किनारा काढला तर तो ताटाच्या काठासारखा गुळगुळीत. संगणकवाली म्हणाली, हात जरा थरथरू द्या काकू, समुद्राने खाल्लेला किनारा असा नसतो. पस्तीस वर्षं मी हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून काम केलं, आणि आता ही म्हणते थरथरू द्या.

डोंगर काढले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, या दाढा आहेत." होत्याच. प्रत्येकाला मुळं सुद्धा होती. नदी डोंगरातून खाली आणून तिचे छान दोन फाटे केले तर त्यावरही शेरा आला, की नद्या येऊन मिळतात, अशा उगाच फुटत नाहीत. बारीक बघायची सवय माझी जुनी, म्हणून पडदा मोठा मोठा करत मी दिवसभर बंदराची सात दारं कोरली, कड्यांसकट. मग अख्खा नकाशा उघडला तर बंदराच्या जागी माशी बसल्यासारखा ठिपका. माझा जीव मेटाकुटीला आला.

सगळ्यात मोठा गोंधळ मी सगळं एकाच थरावर काढलं तेव्हा झाला. एक नदी पुसायला गेले आणि तिच्याखालचा डोंगरही गेला. तेव्हा संगणकवालीने शिकवलं की हे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. किनारा एका लेयरवर, नद्या दुसऱ्यावर, डोंगर, रान, गावांची नावं, प्रत्येकाचा लेयर वेगळा. लेयरच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की तो लेयर दिसेनासा होतो, उघडला की परत हजर. हे मला इतकं पटलं की मी एकेका गावालाही वेगळा लेयर द्यायला लागले. ती म्हणाली, इतकं नको. मी म्हटलं, मला नीटनेटकं लागतं.

तीन आठवड्यांनी नकाशा पुरा झाला. छापून पाहिला तर किनाऱ्यावर नुसत्या चौकटी चौकटी, भरतकामाच्या नमुन्यासारख्या. सुरुवातीलाच कागदाचं माप लहान घेतलं गेलं होतं, पडद्यापुरतं. छपाईला ते चालत नाही, आणि मागाहून वाढवूनही उपयोग नसतो. संगणकवालीने हे मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ती माझ्याकडे न बघता मशीन पुसत बसली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोठं माप घेतलं आणि पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरुवात केली.

खरं सांगायचं तर तेच बरं झालं. पहिला नकाशा मी पुस्तक समोर ठेवून काढला होता. दुसऱ्यांदा पुस्तक पिशवीतच राहू दिलं आणि डोळ्यांसमोर तो चौकटीचा कागद आणला. तापाचे डोंगर पुस्तकात नुसते "उंच" आहेत. मला ते माहीत आहेत. पहिल्या आठवड्यात ते पायरीपायरीने चढतात. पुढचे दोन आठवडे वर सपाट पठार, खाली यायचं नावच नाही. तिसऱ्या मंगळवारी एकच सुळका, एकशे चार आणि वर चार रेघा, ज्या संध्याकाळी आई कामावरून आली आणि चप्पल न काढता तशीच कॉटवर बसली. मग हळूहळू उतार, वर खाली, वर खाली. मी ती ओळ जशीच्या तशी काढली. या वेळी दाढा झाल्या नाहीत.

आणि खाली, पश्चिमेच्या समुद्रात, गप्प बेट काढलं. पुस्तकात ते कुठेच नाही. राजेंना तेवढं एकच आठवलं नव्हतं, किंवा आठवूनही उपयोगाचं वाटलं नसेल. एक छोटं बेट, त्याला लागलेली होडी, होडीत दोन माणसं, एक मोठं, एक लहान. त्याचा लेयर वेगळा ठेवला आणि नाव माझ्या हाताने लिहिलं.

एका शनिवारी दुपारी राजे लॅबवर नकाशा बघायला आला. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. नवी कवळी पहिल्यांदा घातल्यावर माणूस काही बोलायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर कळतं, बसली की नाही. बसली होती. राजेंचा चेहरा उजळला. पडद्यावर बोट ठेवून तो डोंगरांवरून चढत गेला, त्या सुळक्यापाशी थांबला.

"ताई, हे अगदी असेच आहेत माझ्या डोक्यात," तो म्हणाला. "तुला कसं कळलं?"

मी म्हटलं, "तूच सांग, कसं कळलं असेल."

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, "तू पुस्तक फार नीट वाचलंयस."

त्याचं बोट समुद्रात आलं. हे काय, म्हणून विचारलं. मी बेटाचं नाव सांगितलं, जे मागणार नव्हते तेही थोडं मागितलं, म्हटलं, इथे कुणी बोललं की बेट बुडतं. त्याला गंमत वाटली. दोनदा नाव उच्चारून बघितलं. मी त्या दोन वेळांत काय काय नवस बोलले असेन ते मलाच माहीत.

"कल्पना चांगली आहे गं," तो म्हणाला, "पण हे पुस्तकात नाहीये. वाचक लगेच विचारतात. तू आपलं तुझं काही घालू नकोस त्यात."

संगणकवालीने मान वळवली नाही, पण तिचा हात थांबलेला मला दिसला. राजेंनी प्रेमाने माझी पाठ थोपटली, प्रकाशकाकडे फाइल पाठवायला सांगितली, आणि लेयर सगळे वेगवेगळे ठेव हं, म्हणजे त्यांना सोपं पडेल, हेही वर सांगितलं. मी पाठवली. एकाच थरावर काढलं असतं तर ते बेट काढून टाकायला त्यांना समुद्र खरवडावा लागला असता. माझ्या नीटनेटकेपणामुळे नुसता एक डोळा मिटावा लागला. छापलेला नकाशा आला तेव्हा त्या जागी स्वच्छ निळं पाणी होतं आणि खाली ठळक अक्षरात माझं नाव.

खरं तर रुसून घरी बसायला हवं होतं, पण दुसऱ्या आवृत्तीच्या कार्यक्रमाला मी गेले. नवी साडी नेसून गेले, हेही लपवत नाही. अजून एक आशा होती. आता नकाशा रोज त्याच्या नजरेखालून जात असेल, एखाद्या दिवशी त्याला आठवेल. वाचनालयाचं सभागृह भरलेलं होतं. मंचावर राजे आणि मुलाखत घेणाऱ्या बाई, मागच्या भिंतीवर माझा नकाशा, केवढा तरी मोठा. मी पहिल्या रांगेत. बाईंनी ठरलेला प्रश्न विचारला, की हा देश तुम्हाला कुठे सापडला.

राजेंनी माझ्याकडे बघितलं. मग माइक जवळ घेतला.

"आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही," तो म्हणाला, "कारण मलाच आठवत नव्हतं. ताईने काढलेला नकाशा बघितला आणि परवा एकदम आठवलं."

मी पर्स दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं आता आपण सगळ्यांसमोर रडणार, आणि रडलो तरी चालेल.

तो सांगू लागला. लहानपणची एक खोली. खिडकीखाली कॉट. चौकटीच्या कागदावरचा तापाचा आलेख. सहा आठवडे. सगळं बरोबर होतं, खिडकीच्या गजांचा रंगसुद्धा बरोबर होता. "ताईला टायफॉइड झाला होता," तो म्हणाला. "इतकी आजारी होती की तिचं शाळेचं वर्ष बुडालं. ती रेघ बघून ती रडायची. मी एवढासा होतो, काय करणार? तिच्या उशाशी बसून म्हणायचो, ताई, रडू नको, हे डोंगर आहेत, आपण चढतोय."

त्याचे डोळे पाण्याने भरलेले मला पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होते. मी जन्मभर माणसांची तोंडं बघत आलेय, खोटं हसणं आणि खोटं रडणं मला लांबून ओळखू येतं. यात तसूभरही खोट नव्हती. त्याला सगळं आठवलं होतं, फक्त कॉटवर मी होते आणि उशाशी तो. मी घालवलेलं वर्षसुद्धा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलं होतं. माझ्या मागे कुणीतरी नाक पुसलं.

बाई मंचावरून खाली उतरल्या आणि माइक माझ्यासमोर धरला. "ताई, तुम्हाला आठवतं का हे?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. आता मागून घ्यायचं नाही वगैरे काही उरलं नव्हतं. मी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, "ताप त्याला होता. तो सहा वर्षांचा होता, मी अकरा. तो देश मी सांगायचे आणि तो ऐकायचा."

आधी बाईच हसल्या, अगदी मायेने. त्यांच्यामागून पहिली रांग हसली, मग सगळं सभागृह. मंचावर राजे मांडीवर थाप मारून हसत होता, डोळे पुसत हसत होता. "बघा," तो म्हणाला, "ही अशीच. लहानपणी माझी खेळणी पण हिचीच असायची. आता देशही हिचाच." टाळ्या पडल्या. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या एका आजीबाईंनी हात लांब करून माझा दंड दाबला, भावाबहिणीचं असंच असतं, असं म्हणाल्या.

मी पुन्हा सांगणार होते. बेटाचं सांगणार होते, थर्मामीटरचं, होडीतल्या दोन माणसांचं. तोंड उघडलंही होतं. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते, आणि माइक अजून माझ्या तोंडापाशीच होता, म्हणून मला नीट ऐकू आलं. त्या सगळ्या हसण्याच्या वर, सगळ्यात मोठ्याने, मी हसत होते.